शोधाची वाट आखणारा गणिती

कागद हरवणे आणि कागद न सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरवलेला कागद दप्तरात नसतोच. न सापडणारा कागद मात्र दप्तरात असतो, सुरक्षित असतो, बहुधा नीट बांधूनही ठेवलेला असतो. फक्त ज्याला तो हवा आहे त्याच्या हाती लागत नाही. पूर्वी हे दप्तर फडक्यात बांधलेल्या रुमालांचे असे. पुढे ते लोखंडी कपाटांतील फायलींचे झाले आणि आता संगणकाच्या पडद्याआड गेले आहे. बँका, महापालिका, न्यायालये, रुग्णालये, कारखाने अशा सर्व ठिकाणी दस्तऐवज व्यवस्थापनाच्या प्रणाली आल्या आणि लाखो कागद त्यांच्या पोटात गेले. तरीही पाच वर्षांपूर्वीचा एखादा करारनामा, एखाद्या इमारतीचा मंजूर नकाशा किंवा मागच्या सभेतील एखादा ठराव शोधायला बसले की तासन्‌तास जातात. साठवण सोपी झाली. शोध मात्र तेवढा सोपा झालेला नाही.

या अडचणीचे मूळ मांडणीत आहे, हे एका भारतीय माणसाने संगणक आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. कागद ठेवणाऱ्याच्या सोयीने रचायचा की शोधणाऱ्याच्या, हा प्रश्न त्याने आयुष्यभर लावून धरला आणि गणिताच्या शिस्तीने त्याचे उत्तर शोधले. हा माणूस म्हणजे डॉ. शियाली रामामृत रंगनाथन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. परंतु त्यांच्या कामाचा गाभा पुस्तकांच्या कपाटांपुरता मर्यादित नव्हता. माहितीच्या शोधाचे शास्त्र हा तो गाभा होता, आणि म्हणूनच आजच्या संगणकीय दप्तरांच्या काळात रंगनाथन नव्याने समजून घेण्याची गरज आहे.

तमिळनाडूतील तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, शियाली म्हणजे आजचे सिरकाळी या गावाच्या परिसरात १८९२ साली त्यांचा जन्म झाला. वडील रामामृत अय्यर रामायणावर प्रवचने करीत. रंगनाथन अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले आणि मुलाचे संगोपन आजोळच्या व घरातील वडीलधाऱ्यांच्या आधाराने झाले. घरची परिस्थिती बेताची, शरीरप्रकृती यथातथा आणि बोलताना अडखळण्याची खोड, अशा स्थितीत त्यांनी शियालीच्या हिंदू हायस्कुलातून शालेय शिक्षण पूर्ण केले. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणित हा विषय घेतला. १९१३ मध्ये बी.ए. आणि १९१६ मध्ये एम.ए. झाल्यावर त्यांनी अध्यापनाची पदवी घेतली. प्रा. एडवर्ड रॉस हे त्यांचे गणिताचे गुरू. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढेही टिकला. १९१७ पासून मंगळूर आणि कोइम्बतूर येथील सरकारी महाविद्यालयांत आणि १९२१ पासून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणित शिकवले. वर्ग हीच त्यांची खरी रमण्याची जागा होती. विद्यार्थ्यांना प्रश्न सोपवून उत्तरापर्यंत त्यांनीच चालत जावे अशी त्यांची शिकवण्याची तऱ्हा होती.

अशा माणसाने ग्रंथपालाची नोकरी पत्करावी याला मोठे वैचारिक कारण नव्हते. मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले, त्याचा पगार महाविद्यालयातील शिक्षकापेक्षा चांगला होता आणि स्नेह्यांनी अर्ज करण्याचा आग्रह धरला. या पदासाठी सुमारे ९०० अर्ज आले होते आणि त्यांतील एकाही उमेदवाराने ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, असे सांगतात. रंगनाथन यांचीही या विषयातील तयारी म्हणजे मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील एक लेख वाचणे एवढीच होती. गणितातील संशोधनपर लेखनामुळे त्यांची निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले.

पहिल्या काही दिवसांतच ते या कामाला विटले. वर्गातील गजबज सुटली होती. समोर पुस्तकांच्या मुक्या रांगा होत्या आणि वाचक जवळजवळ नव्हतेच. आपल्याला पुन्हा शिकवण्याच्या कामावर घ्यावे अशी विनंती घेऊन ते परत गेले. तेव्हा त्यांच्यापुढे एक तडजोड ठेवण्यात आली. विद्यापीठाच्या अटीप्रमाणे त्यांनी आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचे शिक्षण घ्यावे; परतल्यावरही कंटाळा कायम असेल तर अध्यापनाची जागा त्यांना मिळेल. ही तडजोड त्यांनी मान्य केली आणि १९२४ च्या उत्तरार्धात ते लंडनला रवाना झाले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाचे शिक्षण देणारी शाळा होती. तेथे डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे वर्गीकरण हा विषय शिकवीत. ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. त्यांनी या गणितीला व्याख्यानांपुरते न ठेवता प्रत्यक्ष ग्रंथालये पाहायला धाडले. रंगनाथन यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली आणि त्यांना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवल्या. पहिली म्हणजे तेथील सार्वजनिक ग्रंथालयात कामगार, गृहिणी, शाळकरी मुले असे सर्व थरांतील लोक येत होते. आपल्याकडे पुस्तकांना कुलूप लावून त्यांचे रक्षण करणे हेच ग्रंथपालाचे काम समजले जात असताना तेथे पुस्तक वाचकाच्या हाती पडावे म्हणून माणसे राबत होती. दुसरी गोष्ट अशी की पुस्तके लावण्याच्या पद्धतीविषयी या ग्रंथालयांत एकवाक्यता नव्हती आणि प्रचलित पद्धतींपैकी एकही त्यांच्या गणिती बुद्धीला पटत नव्हती.

हा दुसरा मुद्दा थोडा तपशिलाने पाहायला हवा, कारण त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज त्यात आहे. अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले होते. सर्व ज्ञानाचे दहा मोठे विभाग, त्या प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा उपभाग अशी ती रचना. ती सुटसुटीत होती आणि जगभर पसरलीही. पण तिच्यात प्रत्येक विषयाची जागा आधीच नेमून दिलेली असे. म्हणजे हजारो खण असलेले एक भलेमोठे कपाट आधी तयार करायचे आणि येणारे पुस्तक त्यांतील एखाद्या खणात बसवायचे. नवे ज्ञान मात्र कपाट बनवणाऱ्याला विचारून जन्माला येत नाही. एखाद्या ग्रंथात रोग, शरीराचा अवयव, उपचाराची पद्धत, देश आणि काळ या पाचही गोष्टी एकत्र आल्या तर त्याने कोणत्या खणात बसायचे? रोगाच्या खणात ठेवला तर देशाच्या अंगाने शोधणाऱ्याला तो मिळणार नाही. देशाच्या खणात ठेवला तर डॉक्टर त्याला मुकणार. आपल्या संगणकावर फोल्डरांच्या पोटात फोल्डर करून ठेवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण परिचित आहे. एका कंत्राटदाराचे देयक वर्षाच्या फोल्डरात टाकायचे, कामाच्या फोल्डरात की त्या कंत्राटदाराच्या नावाच्या? ज्या क्षणी आपण एक निवडतो, त्याच क्षणी उरलेल्या दोन वाटा बंद होतात.

या कोड्याची किल्ली रंगनाथन यांना एका खेळण्यात सापडली. लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके, दांड्या आणि स्क्रू एवढ्याच मोजक्या वस्तूंतून विक्रेता निरनिराळी खेळणी जोडून दाखवीत होता. ते पाहताना रंगनाथन यांच्या ध्यानात आले की तयार खणांची यादी करण्याची गरजच नाही. विषयाचे मूळ घटक तेवढे निश्चित करावेत आणि त्यांना जोडण्याचा एक स्क्रू द्यावा. मग कितीही नवा आणि कितीही गुंतागुंतीचा विषय आला तरी त्याची जागा त्या घटकांतून उभी करता येईल. या स्क्रूच्या जागी त्यांनी विसर्गासारखे दिसणारे द्विबिंदू हे विरामचिन्ह योजले. १९२५ मध्ये परतीच्या समुद्रप्रवासातच त्यांनी या पद्धतीचा आराखडा करायला घेतला होता. गणिताच्या वर्गात परत जाण्याची अट नंतर त्यांनी कधी वापरली नाही.

मद्रासला आल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कायापालट केला. वाचकाला थेट कपाटांपाशी जाऊन पुस्तके हाताळण्याची मुभा दिली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. लगोलग १९२९ मध्ये ग्रंथपालांना शिकवणारी शाळा सुरू झाली. १९३१ मध्ये मन्नारगुडी भागात बैलगाडीतून फिरणारे ग्रंथालय निघाले, त्यामागेही हीच प्रेरणा होती. १९३६ मध्ये ग्रंथालयाची स्वतःची वास्तू मरिना किनाऱ्यासमोर उभी राहिली. दिवसाचे १३ तास आणि आठवड्याचे सातही दिवस काम करणे हा त्यांचा जवळजवळ दोन दशकांचा परिपाठ होता. १९२८ मध्ये पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढे सारदा यांच्याशी विवाह झाला, त्या दिवशीही दुपारी ते कामावर हजर होते अशी आठवण सांगितली जाते. या झपाटलेपणाचे कौतुक करताना त्याची किंमत घरातील माणसांनी मोजली हेही विसरता येत नाही. रंगनाथन यांना बहुधा याची जाणीव होती. त्यांनी आयुष्यात जे मोठे दान दिले त्यावर सारदा यांचे नाव कोरले, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

१९३१ मध्ये त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुस्तके वापरण्यासाठी असतात हे त्यांतील पहिले सूत्र सुचवण्यात प्रा. रॉस यांचा वाटा होता. वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या गरजेचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालयाची वाढ सजीवाप्रमाणे सतत होत राहणार हे गृहीत धरावे, असा उरलेल्या चार सूत्रांचा आशय. ऐकायला ही सूत्रे इतकी साधी आहेत की त्यांत शास्त्र कोठे असे वाटावे. पण पुस्तक या शब्दाच्या जागी दस्तऐवज हा शब्द घालून पाहावा. आपल्या कचेऱ्यांतील किती प्रणाली या पाच कसोट्यांना उतरतील? कागद चढवला की काम संपले असे मानणारी प्रणाली पहिल्याच सूत्रापाशी अडते. अधिकार असूनही संबंधिताला कागद मिळत नसेल तर दुसरे सूत्र मोडते. अस्तित्वात असलेला उपयुक्त अहवाल कोणाच्या नजरेसच येत नसेल तर तिसरे. एका पानासाठी अर्धा दिवस जात असेल तर चौथे. आणि दहा हजार कागदांसाठी केलेली रचना दहा लाख कागदांखाली कोलमडत असेल तर पाचवे.

१९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती आली आणि १९३४ मध्ये तालिकेची संहिता. भारतात १९५० साली क्ष-किरणांनी फुप्फुसाच्या क्षयरोगावर केलेल्या उपचारांविषयीचे संशोधन, हे त्यांच्या पद्धतीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे वैद्यक हा मुख्य विषय. फुप्फुस हा अवयव, क्षय हा रोग, उपचार ही क्रिया, क्ष-किरण हे साधन, भारत हे स्थळ आणि १९५० हा काळ. यांतील प्रत्येक घटकाला स्वतंत्र अंक वा अक्षर असते आणि ती सर्व विरामचिन्हांनी जोडून एकच सलग क्रमांक तयार होतो. विषयाच्या या अंगांना रंगनाथन फॅसेट म्हणत. मराठीत पैलू म्हणता येईल. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी हे सर्व पैलू व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ या पाच मूलभूत वर्गांत बसवले. पैलूंचा क्रम कसा लावायचा यासाठी त्यांनी भिंत आणि चित्र यांचा दृष्टांत योजला. भिंत असल्याशिवाय चित्र टांगता येत नाही, तसा रोग ठरल्याशिवाय उपचाराला अर्थ नाही. म्हणून रोग आधी आणि उपचार नंतर.

तरीही एक अडचण उरत होती. कपाटात पुस्तक एकाच जागी उभे राहणार. वाचक मात्र वेगवेगळ्या दारांनी येणार. एकाच्या मनात क्षय हा शब्द असेल, दुसऱ्याच्या मनात क्ष-किरण. यासाठी रंगनाथन यांनी साखळीची युक्ती काढली. वर्गक्रमांकाच्या साखळीतील प्रत्येक कडी सुटी करून तिची सूचीत नोंद करायची, म्हणजे शोधणारा कोणत्याही शब्दाने शिरला तरी योग्य जागी पोहोचतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने विषयसूचीसाठी ही साखळीची पद्धत स्वीकारली आणि जवळपास दोन दशके वापरली. मद्रासच्या एका ग्रंथपालाची युक्ती ब्रिटनच्या राष्ट्रीय सूचीत रुजली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

रंगनाथन यांची दृष्टी कागदावर होती तेवढीच तो शोधणाऱ्या माणसावरही होती. संदर्भसेवेवरील लेखनात त्यांनी एका नेहमीच्या अनुभवाकडे लक्ष वेधले. वाचक जे मागतो तेच त्याला हवे असते असे नाही. नेमकी गरज त्यालाही पुरती उमगलेली नसते, किंवा ती सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नसतात. म्हणून तो मोठ्या विषयाचे नाव घेतो आणि मनात असलेला बारीक प्रश्न मागे ठेवतो. चांगला ग्रंथपाल आपुलकीने दोन-चार प्रश्न विचारतो, आणि त्यातून खरी मागणी पुढे येते. संगणकाच्या शोधचौकटीत एकच शब्द टाकून चार हजार निष्पत्ती पाहणाऱ्याची स्थिती याहून वेगळी नाही. फरक इतकाच की तेथे आपुलकीने विचारणारे कोणी नसते.

मद्रासमधील त्यांचा शेवट सुखाचा झाला नाही. नव्या कुलगुरूंशी मतभेद झाले आणि ज्या पदावर अखेरपर्यंत राहण्याचे मनात होते ते त्यांना सोडावे लागले. हा आघात मोठा होता आणि काही काळ ते खचलेही. १९४५ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन तेव्हा तेथील कुलगुरू होते. तेथील विस्कळीत ग्रंथसंग्रहातील सुमारे १ लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. खचलेल्या मनावर त्यांनी शोधलेला हा उपाय होता असे म्हणता येईल. १९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले आणि तेथे ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांनी उभे केले. १९४८ मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा संमत झाला. त्यामागे त्यांची अनेक वर्षांची खटपट होती. याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. महाराष्ट्र राज्याचा कायदा मात्र १९६७ मध्ये आला.

याच काळात त्यांचे लक्ष ग्रंथाकडून दस्तऐवजाकडे वळले. संशोधक, अभियंते आणि कारखानदार यांना अख्ख्या पुस्तकापेक्षा एखादा लेख, एखादे मानक, एखाद्या प्रयोगाचा अहवाल हवा असतो आणि असे लहान दस्तऐवज पुस्तकांहून कितीतरी अधिक वेगाने वाढत आहेत, हे त्यांनी ओळखले. पुस्तकाला एक ढोबळ विषय देऊन भागते. चार पानांच्या लेखाचा विषय मात्र सुईच्या टोकाइतका नेमका सांगावा लागतो. तेथे पैलूंची पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारतीय मानक संस्थेच्या दस्तऐवजविषयक समितीचे त्यांनी दीर्घकाळ अध्यक्षपद सांभाळले. ब्रुसेल्समध्ये १८९५ साली पॉल ऑटले आणि हेन्री ला फाँतेन यांनी सुरू केलेल्या संस्थेतून दस्तऐवजविषयक आंतरराष्ट्रीय महासंघ वाढला होता, त्याच्या वर्गीकरणविषयक कामातही त्यांनी महत्त्वाची जबाबदारी पेलली. १९५२ मध्ये लंडनमध्ये काही तरुण ग्रंथपालांनी वर्गीकरण संशोधन गट स्थापला. रंगनाथन यांच्या पैलूंच्या कल्पनेचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. १९५७ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे माहितीशोधासाठी वर्गीकरण या विषयावर परिषद भरली, तीत ते सहभागी झाले. त्याआधी १९५५ ते १९५७ या काळात त्यांचे वास्तव्य झुरिकला होते.

येथवरचा आलेख चढता दिसतो. पण याच सुमारास त्यांच्या पद्धतीची कसोटी लागली. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी एक मोठा प्रयोग केला. विमानविद्येतील सुमारे १८ हजार दस्तऐवज घेऊन चार निरनिराळ्या पद्धतींनी त्यांची सूची करण्यात आली आणि कोणत्या पद्धतीने अपेक्षित कागद अधिक सापडतो हे मोजण्यात आले. १९६२ च्या सुमारास निष्कर्ष हाती आले तेव्हा वर्गीकरणाचे पाठीराखे चकित झाले. चारही पद्धतींत फार मोठे अंतर नव्हते आणि पैलूंवर आधारलेली पद्धत किंचित मागेच पडली होती. दस्तऐवजातून सुटे शब्द उचलून केलेली साधी सूची पुढे होती. प्रयोगाच्या रीतीवर आक्षेप घेतले गेले, वाद झडले. पण शब्द थेट यंत्राकडे सोपवण्याची दिशा त्यातून बळकट झाली. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. संग्रहात सर्वत्र आढळणाऱ्या शब्दापेक्षा क्वचित आढळणाऱ्या शब्दाला शोधात अधिक वजन द्यावे, असा त्याचा आशय होता. आजच्या शोधयंत्रांच्या पायाभूत कल्पनांत या कल्पनेची गणना होते. आणि योगायोग असा की त्याच वर्षी २७ सप्टेंबरला बंगळुरू येथे रंगनाथन यांचे निधन झाले.

मग त्यांचा पराभव झाला का? द्विबिंदू वर्गीकरणापुरते पाहिले तर त्यांना मर्यादित यश मिळाले असेच म्हणावे लागेल. त्याचे क्रमांक लांबलचक होतात, ते तयार करायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि प्रत्येक आवृत्तीत नियम बदलत गेल्याने ग्रंथपालांची दमछाक होई. भारतातीलही बहुसंख्य ग्रंथालयांनी ड्युई यांचीच पद्धत चालू ठेवली. सातवी आवृत्ती १९८७ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाली. परंतु पैलूंचा विचार क्रमांकांच्या सापळ्यातून सुटला आणि संगणकात जाऊन नांदू लागला. ऑनलाइन खरेदी करताना आपण किंमत, रंग, आकार, कंपनी अशा खुणा करत यादी बारीक करत नेतो. दस्तऐवज प्रणालीत विभाग, कागदाचा प्रकार, पक्षकार, स्थळ आणि तारीख असे रकाने भरून शोध आवळत आणतो. या रीतीला संगणकक्षेत्रातही फॅसेट हेच नाव आहे. कपाटात पुस्तक एकाच जागी ठेवण्याची सक्ती होती, म्हणून पैलूंचा क्रम लावावा लागे. संगणकात ती सक्तीच उरली नाही. तेथे भिंतीवरचे चित्र कोणत्याही बाजूने पाहता येते.

मराठीतून काम करणाऱ्यांना तर या विचाराची गरज अधिकच आहे. केवळ शब्दांवर विसंबणारा शोध आपल्याकडे अनेक ठिकाणी ठेचकाळतो. क्षयरोग, राजयक्ष्मा आणि टीबी हे तीन शब्द एकाच रोगाचे आहेत हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. शिवाजीनगर हे नाव कोठे जोडून, कोठे तोडून लिहिलेले असते. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग असते. छायाचित्रासारखे स्कॅन करून चढवलेले फेरफार आणि ठराव तर अक्षरओळख झाल्याखेरीज शब्दांच्या शोधात येतच नाहीत. अशा वेळी कागद चढवतानाच तो काय आहे, कोणाचा आहे, कोठला आहे आणि कधीचा आहे हे चार-पाच रकाने मनापासून भरलेले असतील तरच तो पुन्हा दिसतो. हे रकाने भरणे कंटाळवाणे असते आणि म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांत इतर, संकीर्ण असे शब्द टाकून सुटका करून घेतली जाते. त्या एका शब्दाने वाचलेले दहा सेकंद पुढे कोणाच्या तरी पेन्शनच्या, वारसाच्या किंवा जमिनीच्या कामात महिन्यांच्या खेपा होऊन परत येतात. वाचकाचा वेळ वाचवण्याचे सूत्र म्हणजे सोयीची बाब नव्हे, ती न्यायाची बाब आहे, याचे भान रंगनाथन यांच्या साऱ्या खटाटोपामागे होते.

अखेरच्या दशकात ते बंगळुरूत स्थिरावले. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाठिंब्याने १९६२ मध्ये त्या संस्थेअंतर्गत दस्तऐवज संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील रंगनाथन तेथे नव्या पिढीला शिकवू लागले. वर्गात परतण्याची १९२४ सालची इच्छा अशी पूर्ण झाली. विषय मात्र बदललेला होता. गणिताशीही त्यांनी नाते तोडले नाही. १९६७ मध्ये त्यांनी श्रीनिवास रामानुजन यांच्यावर पुस्तक लिहिले. १९५७ मध्ये पद्मश्री आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद असे सन्मान त्यांना लाभले. मिळवलेला पैसा मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. १९५६ मध्ये मद्रास विद्यापीठाला, म्हणजे जेथून दुखावून बाहेर पडावे लागले त्याच विद्यापीठाला, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांनी १ लाख रुपये दिले. त्या अध्यासनाला नाव दिले सारदा रंगनाथन यांचे. पुढे त्याच नावाने त्यांनी ग्रंथालयशास्त्रासाठी विश्वस्त निधीही उभारला. बंगळुरूचे त्यांचे केंद्र आजही माहितीशास्त्राचे शिक्षण देते.

रंगनाथन यांच्या चरित्रातून उरते ती एक साधी शिस्त. कागद ठेवणाऱ्याने ठेवताना स्वतःला विसरावे आणि तो उद्या शोधायला येणाऱ्या अनोळखी माणसाला डोळ्यांपुढे आणावे. तो कोणत्या शब्दाने येईल, कोणत्या दाराने येईल, त्याच्यापाशी किती वेळ असेल? यंत्रे बदलतील, शोधाच्या पद्धती अधिक चतुर होतील आणि न लिहिलेलेही ओळखू पाहतील. पण त्या अनोळखी माणसाची आठवण ठेवण्याचे काम यंत्राआधी माणसालाच करावे लागणार आहे.